बैठकीचा पत्ता : अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची पहिली पंधरा वर्षं

मंडळी, दारू सोडायची असं एखाद्यानं ठरवलं की पुढचा प्रश्न अगदी साधा असतो : आता जायचं कुठं? सकाळी पक्का असलेला निश्चय दिवेलागणीपर्यंत विरघळतो. तेवढ्या वेळात पत्ता सापडायला हवा. व्यसनमुक्तीच्या इतिहासात तत्त्वांवर भरपूर लिहिलं जातं, पत्त्यावर फारसं नाही. म्हणून आज आपण पत्त्याचाच इतिहास पाहू.

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचं टायरच्या कारखान्यांचं शहर आहे. तिथल्या मेफ्लॉवर हॉटेलात न्यूयॉर्कचा बिल विल्सन एकटाच उभा आहे. एका कंपनीचा ताबा मिळवायचा डाव नुकताच फसलाय. दारू सोडून पाच महिने झालेत. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्यानं एका धर्मगुरूला फोन लावला. त्याला डॉक्टर नको होता, की उपदेशक नको होता; त्याला दुसरा एक दारुडा हवा होता! एकाकडून दुसऱ्याकडे असं करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याची गाठ शल्यविशारद बॉब स्मिथ यांच्याशी घालून दिली. पंधरा मिनिटंच थांबेन, या बोलीवर डॉक्टर आले होते. निघाले ते रात्री अकरानंतर.

इथं शोधणारा कोण आहे, ते बघा. गरज सोडवणाऱ्यालाच होती. न्यूयॉर्कमध्ये विल्सननं कितीतरी जणांना समजावलं होतं. एकही टिकला नव्हता, पण तो स्वतः टिकला होता. म्हणून सुरुवातीला बैठक शोधावी लागत नसे, बैठकच माणसाला शोधत येई. हे दोघं अ‍ॅक्रनच्या रुग्णालयात गेले, आणि परिचारिकांना मारहाण केल्यामुळे खाटेला बांधून ठेवलेल्या एका वकिलापाशी जाऊन बसले. तो तिसरा सभासद. शेवटपर्यंत टिकला.

तत्त्वज्ञानाच्या लोकांना इथं थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. डिसेंबर १९३४ मध्ये, रुग्णालयात असताना, विल्सननं विल्यम जेम्सचा धर्मानुभवावरचा ग्रंथ वाचला होता. गंमत अशी, की जेम्स धर्म शोधतो तो माणसाच्या एकांतातल्या अनुभवात. विल्सनला अनुभव एकांतात आला, पण तो टिकवायला समोर खुर्चीवर बसलेला दुसरा माणूस लागला. आमच्या मते जेम्सवरची ही उत्तम टीका आहे, आणि ती करणारा शेअर बाजारातला माणूस होता.

असा प्रयोग आधीही झाला होता. १८४० साली बाल्टिमोरमध्ये सहा पिणाऱ्यांनी वॉशिंग्टोनियन चळवळ काढली. व्यासपीठावर उभं राहून आपली कहाणी सांगायची, शपथ घ्यायची. हजारोंनी शपथा घेतल्या. १८४२ मध्ये स्प्रिंगफील्डला त्यांच्यापुढे तरुण लिंकनचं भाषणसुद्धा झालं. काही वर्षांत सगळं ओसरलं. राजकारण शिरलं, वक्ते मोठे झाले, आणि पिणारा माणूस मागं पडला.

या नव्या मंडळींनी मात्र वेगळा मार्ग काढला : नाव झाकायचं, पत्ता छापायचा. एप्रिल १९३९ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं, तेव्हा सभासद शंभरेक. पत्ता काय, तर न्यूयॉर्कमधली ६५८ क्रमांकाची टपालपेटी. आलेल्या पत्रांना रूथ हॉक या चिटणीसबाई उत्तरं देत. त्याच वर्षी क्लीव्हलंडच्या एका दैनिकात लेखमाला आली, आणि तिथल्या जेमतेम वीसेक सभासदांवर शेकडो माणसं येऊन पडली. स्वतः थोड्याच दिवसांपूर्वी सोडलेल्यांना नव्या माणसाकडे पाठवावं लागलं. मार्च १९४१ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये जॅक अलेक्झांडरचा लेख आला, आणि वर्षअखेर सभासद दोन हजारांवरून आठ हजारांवर गेले. जिथं गट नव्हता, तिथून आलेल्या पत्रांवरची नावं फिरतीच्या विक्रेत्या सभासदांकडे दिली जात. माल विकता विकता ते त्या दारांवर थाप मारत.

आपल्याकडे तुळशीची माळ घालतात. माळ गळ्यात दिसते, आणि मग गावच राखण करतं. अ‍ॅक्रनसारख्या शहरात असं गाव नव्हतं, आणि दारुड्या म्हणून ओळख पटली की नोकरी जायची. म्हणून तिथं नावच झाकावं लागलं.

गट वाढले तशा अटीही वाढल्या. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही? विल्सननं नंतर लिहिलंय, की सगळ्या गटांचे नियम एकत्र लागू केले असते, तर कुणालाच प्रवेश मिळाला नसता. शेवटी १९५० च्या क्लीव्हलंड संमेलनात बारा परंपरा स्वीकारल्या गेल्या, आणि अट एकच उरली : पिणं थांबवायची इच्छा.

आपल्याकडे अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं; तिथून बाहेर पडलेल्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका पुढं इतर गावांतही भरू लागल्या. गरज तीच : केंद्राचा दरवाजा मागं बंद झाल्यावर, येत्या आठवड्यात बसायचं कुठं?

आता ज्यांना प्रत्यक्ष जायचंय, किंवा घरातल्या कुणाला न्यायचंय, त्यांच्यासाठी. बैठका दोन प्रकारच्या असतात. खुल्या बैठकीला कुणीही बसू शकतं, बायको, भाऊ, विद्यार्थीसुद्धा. बंद बैठक फक्त पिणं थांबवू पाहणाऱ्यांसाठी असते. शुल्क नाही, आडनाव सांगायला नको, पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असंही नाही. निघताना मात्र कुणाचा तरी फोन नंबर मागून घ्या. नवीन माणसानं रात्री-अपरात्री केलेल्या फोनचा तिथं कुणाला राग येत नाही. ही सगळी गोष्टच मुळात एका फोनपासून सुरू झाली आहे. बरं, चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत. प्रश्न घेऊ.