एकट्या पुरुषाचा निवारा : कल्याण छावणीपासून आजपर्यंत

मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम अंबरनाथच्या शिवालयाचा विषय आमच्या मनात आला. परंतु शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील त्या शिलाहारकालीन मंदिरावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. ज्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही, असा एक इतिहास उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या आपल्या गावांशी जडलेला आहे. तो म्हणजे बेघर, एकट्या पुरुषाच्या निवाऱ्याचा इतिहास. मंडळाच्या नियोजित सभागृहाचा विचार चालू असता तो समाजापुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पूर्वी पायी जाणाऱ्या वाटसरूस रात्र पडली की देवळाची ओसरी, गावची चावडी अथवा धर्मशाळा हाच आधार असे. ती सोय चांगली होती, पण सर्वांसाठी नव्हती. वाटसरूची जात आधी विचारली जाई, आणि अस्पृश्य गणलेल्या बांधवांस ओसरीची पायरीही चढता येत नसे. जुन्या काळाचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही.

पुढे आगगाडी आली. १८५३ साली ती ठाण्यापर्यंत, १८५४ साली कल्याणपर्यंत आणि १८५६ साली आपल्या भागातून खोपोलीपर्यंत धावू लागली. त्याच सुमारास मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातून व घाटावरून पुरुष एकटाच मुंबईस येऊ लागला. बायकामुले गावीच राहिली. या एकट्या माणसांचा प्रश्न सरकारने नव्हे, तर त्यांनी स्वतःच सोडविला. एका गावच्या लोकांनी मिळून चाळीत एक खोली घ्यावयाची, प्रत्येकाने आपली ट्रंक व वळकटी ठेवावयाची, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपावयाचे आणि जेवणास खानावळीत जावयाचे, अशी ती व्यवस्था होती. नव्याने आलेल्या पोरासही तेथे पथारीपुरती जागा मिळे. ज्याच्या गावची खोली नव्हती, तो मात्र पदपथावर राही.

आता आपल्या उल्हासनगरकडे वळू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी कल्याणजवळ मोठी छावणी उभारली गेली. तिच्या लांबच लांब बराकी घरदार मागे ठेवून आलेल्या पुरुषांसाठी बांधल्या होत्या. युद्ध संपले, १९४७ साली फाळणी झाली आणि सिंधमधून सर्वस्व गमावून आलेल्या निर्वासितांस याच बराकींत आसरा देण्यात आला. सुमारे एक लाख माणसे येथे आली. एका बराकीत अनेक कुटुंबे राहिली. मध्ये गोणपाटाचा वा पत्र्याचा आडोसा, इतकेच काय ते घर. दि. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. म्हणजे ज्या शहरात आज आपण व्यापार करतो, मुलांची लग्ने लावतो, ते शहर मुळात आपत्कालीन निवाराच होते. हे त्या शहराचे वैगुण्य नसून भूषण आहे.

त्या काळच्या सरकारी व्यवस्थेत निराधार स्त्रिया व अनाथ मुले यांच्यासाठी निराळी निवासस्थाने होती, आणि ते सर्वथा योग्यच होते. एकट्या पुरुषाने मात्र हातपाय हलवून आपली सोय आपण करावी अशी अपेक्षा असे. ही समजूत अद्याप गेलेली नाही. पुरुष धडधाकट असतो, त्याला कशाला आधार हवा, असे आपण म्हणतो. परंतु तो तापाने फणफणतो, म्हातारा होतो, त्याची नोकरी सुटते, भावाभावांत फाटते, हेही खरे आहे.

येथे स्वतःविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. १९७९ साली आम्ही एकटेच उल्हासनगरास आलो, तेव्हा खोलीसाठी पुष्कळ दारे ठोठावली. 'एकट्याला देत नाही' हे एकच उत्तर मिळाले. अखेर आमच्या एका मामांनी आपल्या लाँड्रीत जागा दिली. रात्री दुकान बंद झाले की इस्त्रीच्या टेबलावर जाड घोंगडी असे, तीच आमची गादी. कोळशाच्या इस्त्रीची ऊब त्या लाकडात बराच वेळ टिके. आपल्या परीट समाजातील किती तरी तरुणांनी या तीन गावांत पहिली रात्र अशाच टेबलावर काढली आहे. अंबरनाथच्या कारखान्यांत कामास लागलेल्या कित्येकांची कथाही हीच. आज त्यांची नातवंडे इंजिनिअर आहेत. आम्हांस मामा होते म्हणून टेबल मिळाले. ज्याला मामा नव्हता, त्याने काय केले असेल?

हा प्रश्न ज्यांनी जन्मभर स्वतःचा मानला, ते श्रीसंत गाडगेबाबा आपल्याच समाजात दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मले. १९०५ साली त्यांनी घर सोडले, आणि पुढील पन्नास वर्षे हा एकटा पुरुष हाती खापर व खराटा घेऊन उघड्यावर हिंडला. स्वतःसाठी त्यांनी झोपडीही बांधली नाही, परंतु पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे लोकांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंस आसरा मिळेना म्हणून तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या स्वाधीन केली. बेघरांस आसरा देणे हे बाबांच्या दशसूत्रीतील एक सूत्र आहे. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी प्रवासातच त्यांचे निर्वाण झाले.

बाबांच्या निर्वाणानंतर तीनच वर्षांनी, १९५९ साली, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा झाला. उदरनिर्वाहाचे साधन न दिसणारा, भटकणारा मनुष्यही त्याच्या कक्षेत आला. बाबा हयात असते तर कदाचित तेही त्यात सापडले असते! पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असे आदेश दिले आणि २०१३ साली केंद्र सरकारने शहरी बेघरांच्या निवाऱ्याची योजना आखली. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास भरली. या हिशेबाने त्याच वेळी उल्हासनगरास पाच, अंबरनाथास दोन व बदलापुरास एक निवारा हवा होता. प्रत्यक्षात किती आहेत, हे प्रत्येक वाचकाने आपल्या गावात फिरून मोजावे. त्याच फेरीत रात्री अकरानंतर स्थानकाबाहेर कोण झोपले आहे, हेही पाहावे.

आपल्या लोकांच्या ठायी दया नाही, असे मुळीच नाही. दि. २७ जुलै २०१९ रोजी महापुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका झाली, आसपासच्या ग्रामस्थांनी धाव घेतली, आणि बदलापुरातील मंगल कार्यालय त्यांच्या विसाव्यासाठी उघडले गेले. जात, धर्म कोणी विचारला नाही. मंगल कार्यालय हे उत्तम आश्रयस्थान होऊ शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. फरक इतकाच की, पूर सर्वांस दिसतो. एकट्या माणसाची रोजची रात्र कोणास दिसत नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, नियोजित सभागृहाच्या तळमजल्यावर दहा खाटांची एक खोली एकट्या, निराश्रित पुरुषांसाठी राखावी. रात्री आठ ते सकाळी सात ती उघडी असावी. नळ, संडास, एक रखवालदार, नावनिशीची वही, आणि प्रत्येकास कागदपत्रे ठेवण्यास कुलपाची पेटी असावी. जात विचारू नये. दारुडे येतील, चोऱ्या होतील, लग्नाचे लोक नाके मुरडतील, असे आक्षेप निघतील. त्यांवर उपाय शिस्त व स्वच्छता हाच आहे, आणि स्वच्छतेचे शिक्षण आपल्या समाजास बाहेरून घ्यावे लागत नाही.

दरवर्षी आपण बाबांची जयंती करतो, प्रतिमेस हार घालतो. हार दुसऱ्या दिवशी सुकतो. त्या खोलीत कोणी एक मनुष्य रात्रभर निर्धास्त झोपला, तर ती जयंती खऱ्या अर्थाने साजरी झाली असे आम्ही समजू. कार्यकारी मंडळाने पुढील सर्वसाधारण सभेत या सूचनेचा विचार करावा, ही विनंती. आमच्या निवृत्तिवेतनातून पहिल्या खाटेची रक्कम आम्ही आजच मंडळाकडे जमा करीत आहोत.