आजीची बोरमाळ

१९६२ची दिवाळी तोंडावर आलेली, आणि २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला. चावडीवरच्या रेडिओला सगळा गाव कान लावून बसायचा. पुढं संरक्षण निधीची सभा झाली. पुढारी बोलले ते बायकांकडं बघूनच : जिजाऊंच्या लेकी तुम्ही, सोनं द्या, जवानांसाठी स्वेटर विणा. लोकर आमच्याकडं कुणी बघितली होती? सोनं मात्र होतं, गुंजभर का होईना.

आजीनं तिथंच गळ्यातली बोरमाळ काढली.

"अगं, इचारायचं तरी," आजोबा म्हणाले.

"माझ्या बानं घातलीया. तुमास्नी काय इचारू?"

जमीन कुणी मागितली नाही, बैल मागितले नाहीत. मागितलं ते बाईचं स्त्रीधन. हे मला फार उशिरा उमगलं.

गावच्या सोनारानं माळ फुकट तोलून दिली. नोव्हेंबरात आमच्या कऱ्हाडचे यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हा माळ त्यांच्याच हाती पोचली असं आजी धरून चालली. जानेवारी १९६३मध्ये सुवर्णनियंत्रण आलं. १४ कॅरटच्या वरचा दागिना घडवायला बंदी. तोच सोनार आमच्या रानात भांगलायला येऊ लागला. आजी त्याला मजुरीवर भाकरी बांधून द्यायची.

तिच्या गळ्यात शेवटपर्यंत काळी पोत राहिली. पावती देवघरातल्या पोथीत होती.