दिव्याचं नाक

२०१९ च्या पावसाळ्यात माझ्या जुन्या गाडीच्या डाव्या हेडलाइटच्या काचेला आतून वाफ धरायला लागली. काच आतून असल्यामुळे पुसता येईना. मी हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणली आणि दिव्याभोवती दिसेल ती फट बुजवली. मागच्या बाजूला एक वाकडी रबरी नळी उघडीच होती. पाणी इथूनच शिरत असणार असं वाटून तीही भरून टाकली.

आठवड्याने अब्बांना घेऊन कराडहून चिपळूणला निघालो. कुंभार्ली घाट उतरताना रात्र झाली होती आणि पाऊस होता. डावा दिवा लागलेला होता, पण त्याचा झोत रस्त्यावर पडतच नव्हता, नुसता पांढरा गोळा काचेत अडकल्यासारखा दिसत होता. एका वळणावर कडेला बंद पडलेला ट्रक अगदी जवळ आल्यावर दिसला. मी ब्रेक मारला. गाडी हातभर अंतरावर थांबली. अब्बा काही बोलले नाहीत, फक्त त्यांचे ओठ हलत राहिले.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या गॅरेजमध्ये गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, ती नळी पाहिली आणि हसले. "अरे, तू तर त्याचं नाकच बंद केलंस! आता बिचारा श्वास कुठून घेणार?"

त्या एका वाक्याने मी हेडलाइटचा इतिहास वाचायला लागलो. सगळ्या इतिहासात तोच एक प्रश्न दिसतो: दिवा बंद ठेवायचा की उघडा?

सुरुवात तर गमतीची आहे. आज पाणी दिव्याचा शत्रू आहे, पण मोटारींचे सुरुवातीचे बरेच दिवे पाण्यावरच चालत. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडलं की अॅसिटिलीन वायू सुटतो. तो पेटवला की पांढरी, प्रखर ज्योत मिळते. ज्योतीला हवा लागते, म्हणून तो दिवा उघडाच असायचा. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेवरचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले आणि हळूहळू कार्बाइड मागे पडलं. ज्योत गेली, मागे परावर्तक मात्र राहिला.

या परावर्तकाबद्दल थोडं सांगायला हवं. दिव्यामागची चकचकीत वाटी पॅराबोला आकाराची असते. समांतर येणारे किरण ती एका बिंदूत गोळा करते. त्याच बिंदूवर दिवा ठेवला तर उलट घडतं, प्रकाश समांतर झोत होऊन बाहेर पडतो. बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी अशा आरशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. म्हणून 'हेडलाइट मुसलमानांनी शोधला' असा मेसेज कुणी फिरवू नये. त्याच्याही बाराशे वर्षं आधी डायोक्लीस नावाच्या ग्रीक गणितीने पॅराबोलाचा हा गुण सिद्ध केला होता. आपला वाटा वेगळा आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. डायोक्लीसचा तो ग्रंथ पूर्ण रूपात अरबी भाषांतरामुळेच टिकला. दुसऱ्याचं ज्ञान जपून पुढच्याच्या हाती देणं हेही छोटं काम नाही.

तर, विजेच्या दिव्यांच्या या वाट्यांवर चांदीचा मुलामा असे. आत धूळ आणि ओल शिरली की तो काळवंडायचा आणि झोत मंद व्हायचा. अमेरिकेने यावर टोकाचा उपाय काढला. १९४० च्या मॉडेलांपासून 'सील्ड बीम' आला. काच, परावर्तक आणि तार एकाच सात इंची बंद गोळ्यात, आत निष्क्रिय वायू. पाणी शिरायचा प्रश्नच मिटला. आपल्याकडे जुन्या जीपला लागणारा 'सीलबीम' तो हाच. पण आतली तार तुटली की अख्खा गोळा फेकायचा. युरोपने बल्ब वेगळा ठेवला. तिथे १९६२ मध्ये हॅलोजन बल्ब आला आणि १९७१ मध्ये दोन तारांचा एच-४, जो आजही आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसतो. अमेरिकेने बदलता येणाऱ्या बल्बला १९८३ मध्ये परवानगी दिली. मग काचेऐवजी पॉलिकार्बोनेट आलं आणि दिव्याला गाडीच्या आकाराप्रमाणे हवं तसं वळवता येऊ लागलं.

इथेच ओल परत आली. बल्ब काढायचा म्हणजे मागे झाकण हवं आणि झाकण म्हणजे फट. शिवाय हवेचं गणित आहे. दिवा लागून आतली हवा ३० अंशांवरून ७० अंशांवर गेली तर ती सुमारे १३ टक्के फुगते. वाट ठेवली नाही तर ती जोडाच्या डिंकावर जोर लावते. दिवा विझला, पाऊस पडला की ती आकसते आणि बाहेरची ओलसर हवा, कधी पाणीच, बारीकशा चिरेतून आत ओढून घेते. म्हणून दिवा बनवणारे मुद्दाम श्वासाची वाट ठेवतात. कुठे रबरी नळी असते, कुठे बारीक छिद्रांचा पडदा असतो. वाफ त्यातून जाते, थेंब जात नाही. रॉबर्ट गोरने १९६९ मध्ये टेफ्लॉन ताणून असा पडदा बनवला. पावसाळी जॅकेटांत असतो तोच.

माझी चूक आता कळली. मी ओल बाहेर ठेवली नव्हती, आत कोंडली होती.

चाचांची रीत साधी आहे. काचेवर हलकी वाफ असेल आणि दिवा लावल्यावर थोड्या वेळात जात असेल तर हात लावायचा नाही. दहा लिटरच्या दिव्यातली दमट हवा ३० वरून २० अंशांवर आली तर त्यातून दोन-तीन थेंबच सुटतात. पण तळाला पाणी साचलं असेल तर ते हवेतून आलेलं नसतं, चीर शोधायची. आधी मागचं रबरी झाकण नीट बसलंय का आणि नळीत चिखल आहे का ते पाहायचं. मग दिवा उतरवायचा, झाकण उघडं ठेवून उन्हात किंवा कोमट हवेवर वाळवायचा. फार तापवलं तर प्लास्टिक वाकतं. तळाला भोक पाडायचं नाही, त्यातून धूळ शिरते. जोड सुटला असेल तर जुना डिंक काढून नवा भरायचा आणि श्वासाची वाट मोकळी ठेवायची.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. पूर ओसरल्यावर चाचांच्या दारात गाड्यांची रांग लागली. दिवे मत्स्यालयासारखे, गढूळ पाण्याने अर्धे भरलेले. चाचांनी ते एकेक उतरवले, गोड्या पाण्याने धुतले आणि गॅरेजसमोर चटईवर पालथे मांडले. सुकायला घातलेल्या माशांसारखे ते दिसत होते. ज्यांची रोजीरोटी गाडीवर होती, अशा किती तरी रिक्षा-टेंपोवाल्यांचा नव्या दिव्यांचा खर्च त्यांनी वाचवला.

आता एलईडी आले आहेत. त्यांची उष्णता मागच्या बाजूला जाते, म्हणून पुढची काच थंड राहते आणि वाफ जायला जास्त वेळ लागतो. त्यातले बरेच दिवे उघडायची सोयच नसते. बिघडला की अख्खा संच बदला. म्हणजे ऐंशी वर्षांनी आपण सीलबीमपाशी परत आलो, फक्त किंमत कित्येक पटींनी वाढली. चाचांकडे काम शिकणारा पोरगा परवा विचारत होता, "उस्ताद, हे उघडतच नाही, मग आम्ही शिकायचं काय?" चाचांनी उत्तर दिलं नाही. दिवा हातात फिरवून ते मागची बाजू पाहत राहिले, श्वासाची जागा कुठे आहे ते शोधत.