खत कुठे जाणार?

पोल्ट्रीची मोठी शेड येणार म्हटलं, की गावाची पहिली तक्रार कसली असते? वास, माश्या, ट्रकची वर्दळ. इंग्लंडमध्येही तेच. हरकती यायच्या, पण प्रत्येक अर्ज सुटा तपासला जायचा. एका शेडने नदी थोडीच मरते?

उत्तर वाय नदीने दिलं. वेल्समध्ये उगम पावून ती हेरफर्डशायरमधून वाहते. तिच्या खोऱ्यात शेडला शेड लागत २ कोटींच्या आसपास कोंबड्या झाल्या. कोंबडीखत शेतात पडायचं, पावसाबरोबर त्यातला फॉस्फरस नदीत उतरायचा. सांडपाण्याचाही वाटा होताच. शेवाळ माजलं, पाणी हिरवं झालं. २०२३ मध्ये ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी संस्थेनेच सांगितलं, की नदीची अवस्था वाईट आहे आणि आणखी खालावतेय.

हे सगळं शेजारच्या श्रॉपशायरमधले लोक पाहत होते. तिथे फेल्टन बटलरजवळ सुमारे २ लाख कोंबड्यांच्या प्रकल्पाला कौन्सिलने २०२४ मध्ये परवानगी दिली, तेव्हा एक स्थानिक कार्यकर्ती उच्च न्यायालयात गेली. तिचे प्रश्न साधे होते. आसपासच्या शेड धरून एकूण भार किती? आणि खत शेवटी कुठल्या जमिनीवर पडणार? कौन्सिलने हे नीट तपासलंच नव्हतं. जून २०२५ मध्ये न्यायालयाने परवानगी रद्द केली.

पोल्ट्रीवर बंदी आली नाही, बरं का. हिशेब पूर्ण मांडा, एवढंच. हरकत लिहायची वेळ आपल्यावर आली, तर वासाच्या आधी खताचं विचारा.