तळटीप : घरातील धर्मशिक्षणाविषयी
* ‘लघु प्रश्नोत्तरी’ : सॅक्सनीतील मंडळ्यांची तपासणी करीत असता खेड्यांतील रयतेस, आणि कित्येक ठिकाणी खुद्द धर्मोपदेशकांसही, दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना यांचे जुजबी ज्ञानदेखील नाही, असे जे मार्टिन ल्यूथरच्या प्रत्ययास आले, त्यातून १५२९ साली ही पुस्तिका सिद्ध झाली. हे प्रकरण कुटुंबप्रमुखाने आपल्या घरच्या मंडळींस सोप्या रीतीने शिकवावे, अशी सूचनाच तीत जागोजाग शिरोभागी असून सकाळच्या, रात्रीच्या व भोजनसमयीच्या प्रार्थनाही दिल्या आहेत. जे शिकण्यास नकार देतील त्यांस आईबापांनी व धन्यांनी अन्नपाणी देऊ नये, ही प्रस्तावनेतील तंबी आज कठोर वाटते खरी. तथापि ही टीप ज्या ग्रंथास जोडली आहे त्याच्या कर्त्याने तिचा निर्देशही टाळावा, हे प्रस्तुत संपादकास प्रशस्त वाटत नाही.