लोकसहभागरोधी दावे व विधिसंरक्षण
लोकसहभागरोधी दावे व विधिसंरक्षण : सार्वजनिक प्रश्नावर बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या वा शासनाकडे तक्रार करणाऱ्या व्यक्तीस गप्प बसविण्याच्या हेतूने दाखल केलेले दिवाणी दावे आणि त्यांपासून नागरिकांचे रक्षण करणारे कायदे. हे दावे बहुधा अब्रुनुकसानीचे असतात. ते जिंकणे हा वादीचा मुख्य उद्देश नसतो. वकिलांचे शुल्क, लांबणाऱ्या तारखा आणि मोठ्या भरपाईची धास्ती यांमुळे प्रतिवादी खचावा, ही अपेक्षा असते. त्यामुळे अखेर प्रतिवादी जिंकला, तरी दाव्याचा हेतू पुष्कळदा साधलेला असतो.

या संरक्षणाचे मूळ अर्ज करण्याच्या हक्कात आहे. राजा दुसरा जेम्स याच्याकडे अर्ज केल्याबद्दल इंग्लंडमधील सात बिशपांवर १६८८ मध्ये राजद्रोही बदनामीचा खटला झाला. ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. १६८९ च्या हक्कांच्या सनदेने हा हक्क मान्य केला व अमेरिकेच्या संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीत (१७९१) तो समाविष्ट झाला. मात्र खाजगी वादीने न्यायालयामार्फत आणलेल्या दडपणावर स्वतंत्र उपाय दीर्घकाळ नव्हता. डेन्व्हर विद्यापीठातील विधिज्ञ जॉर्ज प्रिंग व समाजशास्त्रज्ञ पिनेलोपी कॅनन यांनी १९८० नंतरच्या दशकात अशा दाव्यांचा अभ्यास करून ‘स्लॅप’ ही संज्ञा रूढ केली. या आद्याक्षरांपासून बनलेल्या शब्दाचा इंग्रजीतील अर्थ ‘चपराक’ असाही होतो.

वॉशिंग्टन राज्याने १९८९ मध्ये, तर कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये यासंबंधी कायदा केला. कॅलिफोर्नियात दाव्याची बजावणी झाल्यापासून साधारणतः ६० दिवसांत प्रतिवादी तो काढून टाकण्याची मागणी करू शकतो. आपले कृत्य सार्वजनिक प्रश्नाशी संबंधित व संरक्षित असल्याचे त्याने दाखविल्यावर, दावा यशस्वी होण्याचा संभव दाखविण्याची जबाबदारी वादीवर येते. दरम्यान पुरावा-शोधनाची खर्चिक प्रक्रिया थांबते. मागणी मान्य झाल्यास प्रतिवादीला वकिलाचा खर्च मिळतो. तथापि खऱ्या पीडितालाही न्यायालयाचे दार खुले हवे. या कारणास्तव वॉशिंग्टनचा २०१० चा सुधारित कायदा ज्यूरीच्या हक्काचा भंग करणारा म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला. २०२१ मध्ये नवा कायदा झाला.

कॅनडात क्वेबेक (२००९) व आँटॅरिओ (२०१५) प्रांतांनी असे कायदे केले. माल्टातील पत्रकार डॅफ्नी कारुआना गॅलिझिया यांची २०१७ मध्ये हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे चाळीसहून अधिक दावे प्रलंबित होते. त्यानंतरच्या चळवळीतून यूरोपीय संघाचा २०२४ चा निर्देश संमत झाला.

भारतात असा स्वतंत्र कायदा झालेला नाही. धर्मगुरूंच्या वर्तनावर ‘सत्यप्रकाश’ पत्रात टीका करणारे करसनदास मुळजी यांच्यावर जदुनाथजी महाराजांनी मुंबईत ५०,००० रुपयांचा दावा केला होता. १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. मार्च २०२४ मध्ये ‘ब्लूमबर्ग’विरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेख काढून टाकण्याचा अंतरिम आदेश रद्द केला आणि सुनावणीपूर्वीच्या मनाईहुकुमांनी सार्वजनिक चर्चेची गळचेपी होऊ शकते, असा इशारा दिला.