गूढज व सहोढ : जनक निराळा असतां मुलाच्या पोषणाचा भार

जनक एक आणि पिता दुसरा, असा प्रसंग आला म्हणजे मुलाच्या अन्नवस्त्राचा भार कोणीं वाहावा, हा प्रश्न आजच्या न्यायालयांत वारंवार उपस्थित होतो. तो अगदीं नवा आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः आमच्या धर्मशास्त्रकारांनीं त्याचा खल फार प्राचीन काळीं केलेला आहे. पुत्रांचे बारा प्रकार केवळ पिंड आणि दाय यांच्यासाठींच सांगितले, अशी जी समजूत रूढ आहे ती तपासून पाहणें अवश्य आहे.

वादाचें मूळ बीज आणि क्षेत्र या दृष्टांतांत आहे. आपस्तंब बीजपक्षाचा, पुत्र उत्पन्न करणाराचा, असें त्याचें मत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत (श्लोक ३१ ते ५६) दोन्ही पक्षांचा विचार करून निर्णय क्षेत्रपक्षाकडे झुकविला आहे. वळूनें दुसऱ्याच्या गाईंच्या ठायीं कितीही वासरें उत्पन्न केलीं, तरी तीं गाईंच्या धन्याचीं होत. मात्र आधीं उभयतांत करार झाला असल्यास दोघेही भागी. अर्थशास्त्रांत (अधिकरण ३, अध्याय ७) कौटिल्यानें पूर्वाचार्यांचीं परस्परविरुद्ध मतें देऊन, दोन्ही गोष्टी विद्यमान आहेत, असा स्वतःचा अभिप्राय दिला आहे. म्हणजे बीजी किंवा क्षेत्री यांपैकीं एकास सर्वथा उडवून लावणें त्यास मान्य नव्हतें.

बारा पुत्रांपैकीं दोन प्रस्तुत विषयास विशेष लागू आहेत. घरांत जन्मला, पण कोणापासून हें कळत नाहीं, तो गूढज. ज्याच्या भार्येनें त्यास जन्म दिला त्याचाच तो पुत्र (मनु ९.१७०). विवाहसमयीं वधू गर्भिणी असतां तिच्यासह जो घरीं येतो तो सहोढ. वरास ही गोष्ट ठाऊक असो वा नसो, मूल पाणिग्रहण करणाराचेंच (मनु ९.१७३). मात्र कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यांत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरानें गूढजाच्या बाबतींत एक अट घातली आहे. जनक अमुकच असा निश्चय नसला तरी तो सवर्ण होता एवढा निश्चय असला पाहिजे. म्हणजे या औदार्यास वर्णाचें कुंपण होतें.

आतां पोषणाचें पाहूं. वृद्ध मातापिता, साध्वी भार्या आणि अल्पवयी पुत्र यांचें भरण शंभर अकार्यें करूनही करावें, अशा अर्थाचें वचन मनूच्या नांवानें मिताक्षरेंत आलें आहे. पुत्रत्व एकदां मानलें कीं हा भार ओघानेंच येतो. उलट, जेथें माता दुसऱ्याची भार्या नाहीं तेथें भार जनकाकडे जातो. द्विजास दासीच्या ठायीं झालेल्या पुत्रास वांटा नाहीं. परंतु तो अनुकूल असल्यास जीवनापुरतें त्यास मिळावें, असें मिताक्षरेचें म्हणणें आहे. या दोन नियमांवरून तत्त्व स्पष्ट होतें. ज्याचें फळ त्याचा भार. आणि फळावर हक्क सांगणारा क्षेत्री नसेल तर ज्याचें बीज त्याचा भार.

पुढें निबंधकारांनीं औरस व दत्तक यांवांचून इतर पुत्र कलिवर्ज्य ठरविले. गूढजाचें नांव व्यवहारांतून गेलें. पण तशीं मुलें जन्मावयाचीं थोडींच थांबलीं! १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ११२ व्या कलमानें तोच न्याय परकीय वेषांत परत आला. विवाह कायम असतां, किंवा तो संपल्यावर माता अविवाहित असून २८० दिवसांच्या आंत जन्मलेलें मूल पतीचेंच, हें निर्णायक समजावें. पतिपत्नींचा संबंध येणें अशक्य होतें असें सिद्ध झालें तरच अपवाद. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ११६ व्या कलमांत हाच नियम कायम आहे.

मनूच्या काळीं जनक अज्ञात राहत असे. आज रक्तपरीक्षेनें तें गूढ उकलतें. २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशा परीक्षेचा निष्कर्ष गृहीतापेक्षां बलवत्तर मानून पतीस मुलाच्या पोटगींतून मुक्त केलें. मात्र आधीं दिलेली रक्कम परत घेऊं नये असेंही सांगितलें. २०२३ मध्यें त्याच न्यायालयानें, अशी परीक्षा सरसकट करवूं नये, मुलाच्या हिताकडे पाहावें, असें बजाविलें.

आमच्या मतें येथें सहोढाच्या लक्षणांतील ‘ठाऊक असो वा नसो’ हा भाग सोडवून पाहिला पाहिजे. ज्यानें जाणूनबुजून मूल आपलें म्हटलें, तो दत्तक घेणाऱ्याच्या पंक्तीस बसतो. १९५६ च्या कायद्याप्रमाणें विधियुक्त दत्तविधान मोडतां येत नाहीं. तद्वत् असें पितृत्वही मागाहून झटकतां येऊं नये. ज्यास फसविलें गेलें त्याची गोष्ट निराळी. त्याची सुटका न्याय्य होईल, पण मुलानें खाल्लेला घांस मागण्याचा अधिकार त्यास नाहीं. जुन्या नियमानें स्त्रीस शेत व मुलास पीक लेखलें, हा त्याचा मोठा दोष. पण घरांत जन्मलेलें मूल उंबऱ्याबाहेर राहूं दिलें नाहीं, हा त्याचा गुण. दोष टाकून गुण राखणें हेंच आजच्या न्यायाचें काम आहे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस एवढीच विनंती. रुमालांतील दत्तपत्रें वतनाच्या वादामुळें जपलीं जातात. अन्नवस्त्राच्या निवाड्यांचा किरकोळ कागद मात्र सहज बाजूस पडतो. श्लोकांतील नियम घरोघर कसा पाळला गेला याची साक्ष त्या कागदावांचून दुसरें कोण देणार? तो टाकूं नये.